उमेदवारीची शाळा

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली कानी पडला की निवडणूक आणि मतदान यांचीच आठवण होते. परंतु एके काळी छापखान्यात, चित्रशाळेत, सुताराच्या कारखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत जो मुलगा काम शिकण्याकरिता म्हणून राही, त्याला उमेदवार म्हणत, आणि त्याच्या त्या काळाला उमेदवारी. शब्दाच्या पोटातच उमेद आहे. पगार नाममात्र, मान त्याहूनही कमी. पण पुढे हे काम आपल्यालाही येईल ही आशा मोठी. एवढ्या भांडवलावर तो मुलगा दिवस काढी. मराठी मुलखातील आरेखनकलेचा, म्हणजे आज जिला सर्वत्र डिझाइन असे म्हणतात त्या विद्येचा, आरंभकाळ पाहिला तर तिचे कित्येक नामांकित पुरुष अशाच उमेदवारीतून वर आलेले आहेत असे आढळून येते.

आरेखन म्हणजे नुसते चित्र काढणे नव्हे. अक्षराचे वळण, लुगड्याच्या पदरावरची नक्षी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, खुर्चीचा घाट, दुकानाची पाटी, चित्रपटातील राजवाडा, मोबाइलच्या पडद्यावरील खुणा, या साऱ्या गोष्टी कोणी तरी आधी मनात योजलेल्या असतात, मग कागदावर उतरविलेल्या असतात, आणि त्यानंतरच त्या घडतात. ही योजना करणारा तो आरेखक. आज या व्यवसायाला पैसा आहे, प्रतिष्ठा आहे आणि शिक्षणसंस्थाही आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय आरेखन संस्था १९६१ साली निघाली, मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक आरेखन केंद्र १९६९ साली सुरू झाले. आणि सर ज. जी. कलाशाळा तर १८५७ पासून उभी आहे. तेव्हा प्रश्न संस्थांच्या अभावाचा नाही. त्यांच्या दारापर्यंत कोण पोचतो, हा आहे.

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात तेलगाव हे चौरस्त्यावरचे गाव आहे. तेथे साखर कारखाना आहे. आणि या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीकरिता बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशा गावातील एखाद्या मुलीचा चित्रकलेत हात चांगला आहे, असे क्षणभर धरून चालू. शाळेने मनावर घेतले तर ती शासकीय चित्रकला परीक्षांना बसेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्हींत तिला उत्तम श्रेणीही मिळेल. पुढे काय? मुंबई तेथून रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक. नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षा निराळ्या, त्यांची तयारी करून देणारे वर्ग शहरांत, आणि त्या वर्गांची फी तिच्या बापाच्या ऐपतीबाहेरची. परंतु याहूनही मोठी अडचण वेगळीच आहे. आरेखनावर पोट भरणारा एकही मनुष्य त्या मुलीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला नसतो. शिक्षक, तलाठी, नर्स, शिपाई, ही माणसे तिला ठाऊक असतात. म्हणून त्या वाटा तिच्या मनात असतात. जी वाट कोणी चालताना दिसलीच नाही, ती वाट आहे हे तिने ओळखावे तरी कसे?

हीच अडचण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील गरीब मुलांपुढेही होती, आणि ती कशी सुटली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले. धर्मप्रसाराकरिता त्यांना मराठी पुस्तके हवी होती, म्हणून त्यांनी छापखाना घातला, आणि १८१७ साली त्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. आरंभी देवनागरी खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. पुढे ते येथेच कोरून ओतण्याची व्यवस्था झाली आणि छापखान्याला हात कमी पडू लागले. हे काम जातीचे नव्हते, पिढीजात नव्हते, त्याला जुनी परंपराच नव्हती. म्हणून जो येईल आणि शिकेल त्याचा तेथे निभाव लागे. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातील गृहस्थ याच छापखान्यात काम पाहून तयार झाले, आणि १८३१ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या शिळाछापावर मराठी पंचांग छापले. ज्या समाजाकडे पोथ्या-पंचांगांचा अधिकार कधी नव्हता, त्यातील एका माणसाने पंचांग घरोघर पोचविले. उमेदवारीने काय घडते याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण जावजी दादाजी यांचे. जावजींचा जन्म १८३९ सालचा, घर गरिबीचे, शिक्षण जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागला. दरमहा पगार रुपये दोन. टाइप घासण्याचे काम म्हणजे काय, हे समजण्याकरिता खिळा कसा तयार होई ते ध्यानात घेतले पाहिजे. प्रथम मऊ पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे आणि मग ते पोलाद तापवून कठीण करावयाचे. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट उमटा तयार होई. तो उमटा साच्याला लावून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतावयाचा. थंड झालेला खिळा बाहेर पडला की त्याच्या कडा घासून, उंची सारखी करून, तो जुळणीस योग्य करावयाचा. या साऱ्या मालिकेतील शेवटचे आणि सर्वांत हलके काम त्या मुलाच्या वाट्याला आले होते.

परंतु हलक्या कामातही केवढी विद्या दडलेली असते पाहा. देवनागरीत स्वर, व्यंजने, काने-मात्रा आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार होतात. जो मुलगा दिवसभर हे खिळे एकेक करून बोटांत धरतो, त्याच्या हाताखालून प्रत्येक अक्षर हजारो वेळा जाते. कोणाचा दांडा जाड झाला, कोणाच्या गाठीत शाई भरून राहील, कोणती मात्रा शेजारच्या अक्षरावर आदळेल, हे त्याला पुस्तकावाचून कळू लागते. शिवाय त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्यासारखा ठसे कोरणारा कसबी मनुष्य होता. उत्तम काम करणारा हात रोज दिसत राहणे हीच अर्धी विद्या होय. जावजींनी पुढे मुंबईतील दुसऱ्या छापखान्यांतही काम केले, १८६४ साली टाइप ओतण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना स्थापन केला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात. त्यांच्या हातचे वळण निर्णयसागरच्या खिळ्यांना लाभले. मुलांकरिता ‘बालबोध’ मासिक १८८१ साली याच छापखान्यातून निघू लागले, आणि संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ १८८६ पासून. जावजी १८९२ साली वारले, तेव्हा मोठमोठे पंडित ज्या शुद्ध व सुबक छपाईची वाखाणणी करीत, ती छपाई दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या एका मुलाने उभी केलेली होती.

या उदाहरणातून तीन गोष्टी निघतात. पहिली ही की, शिकता शिकता पोटाला काही तरी मिळत होते. दोन रुपये थोडे खरे, पण ते नसते तर त्या घरातील मुलाला छापखान्यात बसणे परवडलेच नसते. दुसरी ही की, काम डोळ्यांपुढे होते. ठसे कोरणारा भिंतीआड बसलेला नव्हता. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, ही की, शिकलेला मनुष्य तेथून बाहेर पडून स्वतंत्र उभा राहू शकला. या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे उमेदवारी ही शाळा होते. त्यांतील एक जरी गळाली तरी ती वेठबिगारी होण्यास वेळ लागत नाही.

यांतील तिसरी गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे कोल्हापूरच्या उदाहरणावरून दिसेल. बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० सालचा. वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम व कोरीवकाम करणारे कसबी कारागीर. शाळेचे शिक्षण थोडके. कलाशाळेचे तर मुळीच नाही. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. दोघांना पुढे सिनेमाचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ साली अकाली वारले, पण बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली, तीत विष्णुपंत दामले होते, कागलचे फत्तेलाल होते, व्ही. शांताराम होते. पडदा रंगविणाऱ्याने यंत्र जोडावे, यंत्र जोडणाऱ्याने देखावा उभारावा, अशी तेथील रीत; त्यामुळे एकेका शिष्याला सर्वच अंगांची ओळख होई. फत्तेलाल पुढे कलादिग्दर्शक म्हणून विख्यात झाले, आणि दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.

पण हे यश गुरूच्या कंपनीचे नव्हते. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे १९२९ साली बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. शिष्य मोठे झाले हे गुरूचे भूषण खरे, परंतु व्यवहाराच्या वहीत तो गुरूचा तोटाच होता. ही गोष्ट उघडपणे मान्य केली पाहिजे. जो कारखानदार एखाद्या मुलाला मनापासून शिकवितो, तो आपला वेळ खर्च करतो, माल बिघडू देतो, आणि अखेरीस एक प्रतिस्पर्धी निर्माण करतो. लाभ होतो तो शिष्याला आणि समाजाला. खर्च मात्र एकट्या गुरूच्या माथी. म्हणूनच पुष्कळ वस्तादांनी शेवटची किल्ली आपल्याजवळ ठेवली, आणि कित्येक कसबे त्यांच्याबरोबर चितेवर गेली. केवळ गुरुजनांच्या औदार्यावर विसंबून राहिले तर थोड्यांचे कल्याण होईल. पुष्कळांचे व्हावयाचे तर हा खर्च समाजाने वाटून घेतला पाहिजे.

जुन्या उमेदवारीचा आणखी एक दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कारखान्याचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. नव्या धंद्यांत जातीचा अडसर काहीसा ढिला झाला, पण जुन्या कसबांत तो कायमच होता; ज्याच्या घरी ते कसब त्याच्याच मुलाला ते मिळे, आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांना तर अनेक उंबरठे चढण्याचीच बंदी होती. मुलींची गोष्ट आणखी निराळी. अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली सर ज. जी. कलाशाळेची पदविका मिळविली. अँजेला त्रिंदाद यांनीही चित्रकार म्हणून नाव कमावले. दोघींच्या गुणांबद्दल शंकाच नाही. परंतु एकीचे वडील रावबहादूर म. वि. धुरंधर आणि दुसरीचे ए. एक्स. त्रिंदाद, दोघेही ख्यातनाम चित्रकार. त्या काळी मुलीला गुरू मिळावयाचा तो बहुधा बापाच्या रूपानेच. ज्या मुलीचा बाप चित्रकार नव्हता तिचे काय झाले, हे सांगणारी चित्रे कोणत्याही संग्रहालयात नाहीत, कारण ती काढलीच गेली नाहीत.

यावर उपाय शाळा हा होता, आणि शाळेने पुष्कळ काम केले. सक्तीचा परिचय लागत नाही, बापाचा धंदा विचारला जात नाही, परीक्षा दिली की प्रवेश, हा शाळेचा मोठा गुण. तरीही शाळा आणि धंदा यांच्यामध्ये एक ओढा राहतोच, आणि तो ओलांडावयास कोणी तरी हात द्यावा लागतो. सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातील या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या कलाशाळेत गेला. पुण्यातील १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा त्याच हाताचा. अलीकडच्या काळात र. कृ. जोशी यांनी हेच कार्य दुसऱ्या रीतीने केले. जाहिरातक्षेत्रात नाव मिळविलेल्या या अक्षरतज्ज्ञाने पुढे आय. आय. टी. मध्ये अध्यापन केले आणि संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. अच्युत पालव कलाशाळेतून बाहेर पडले तेव्हा उल्का या जाहिरातसंस्थेची शिष्यवृत्ती आणि जोशी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि मोडी लिपीचा त्यांचा अभ्यास त्यातून उभा राहिला. शाळेने पाया घातला, संस्थेने पैसा दिला, गुरूने दिशा दाखविली. तिन्ही मिळाले तेव्हाच काम झाले.

खर्च वाटून घेण्याची सोय आज कायद्याने केलेली आहे, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्याकरिता जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून, म्हणजे आय. टी. आय. मधून, संगणकावरील छपाई-जुळणी, वस्त्र-आरेखन आणि गृहसजावट हे विषयही शिकविले जातात.

पण यात एक मोठी फट आहे. आरेखनाचे काम बहुधा लहान कचेऱ्यांतून चालते. मुखपृष्ठे करणारी चार माणसांची मंडळी, घरांची सजावट योजणारे एखादे दाम्पत्य, जाहिराती लिहिणारे व रंगविणारे दहा जण. यांना तीसची अट लागत नाही. म्हणजे जेथे गुरूच्या शेजारी बसून सर्वांत चांगले शिकता येते, तेथेच कायद्याची सक्ती पोचत नाही. त्यांनी उमेदवार घेतला तर तो स्वेच्छेने. यामुळे अशा पुष्कळ ठिकाणी उमेदवार ठेवले जातात ते बिनपगारी, आणि ओळखीपाळखीतले. मुंबई-पुण्यात आईबापांच्या घरी राहून सहा महिने फुकट काम करणे ज्याला शक्य आहे, त्याला अनुभव मिळतो. आणि अनुभव आहे म्हणून नोकरी मिळते. तेलगावच्या मुलीला या सहा महिन्यांची खोली, खानावळ आणि गाडीभाडे कोठून यावयाचे? तिच्या गुणाचा कोणी अव्हेर केलेला नसतो. तो पाहिलाच गेलेला नसतो, इतकेच.

यास्तव शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी या प्रश्नाकडे दुसऱ्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. अशा कचेऱ्या चालविणारे, त्यांना काम देणारे, त्यांच्याकडून घर सजवून घेणारे आणि पत्रिका छापून घेणारे लोक याच कुटुंबांतले आहेत. ज्याची कचेरी आहे त्याने वर्षाला एक तरी उमेदवार परगावचा घ्यावा आणि त्याला शहरात राहता येईल एवढे वेतन द्यावे. ज्याची कचेरी नाही पण घरात खोली आहे, त्याने ती वर्षभर अशा एखाद्या मुलीला द्यावी. वार लावून जेवू घालण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिच्यावर शिकलेले कित्येक जण पुढे नावारूपाला आले. जो स्वतः या व्यवसायात मुरला आहे, त्याने तालुक्याच्या गावी वर्षातून दोन दिवस जावे, शाळेत आपले काम दाखवावे, आणि या कामावर पोट भरते हे मुलांना स्वतःच्या उदाहरणाने सांगावे. भाषणापेक्षा या दर्शनाचा उपयोग अधिक. आणि उमेदवाराने केलेल्या कामावर त्याचे नाव घालावे. जुन्या वस्तादांनी बहुधा हेच केले नाही, आणि म्हणून खिळ्यांची वळणे राहिली पण ती कोरणाऱ्या बहुतेकांची नावे पुसली गेली.

उपकार म्हणून हे करावयाचे नाही. जो समाज आपली अक्षरे, आपली वस्त्रे आणि आपली घरे यांचे घाट मूठभर शहरी घरांतील मुलांकडूनच योजून घेतो, त्याला उसाच्या फडातले जगणे कसे दिसते, खोपीत वस्तू कशी ठेवावी लागते, डोक्यावर ओझे आणि कडेवर मूल असताना हात कोठे पुरतो, हे ठाऊक असण्याचा संभवच नाही. मग त्याने योजलेल्या वस्तू त्या लोकांच्या उपयोगी पडत नाहीत, यात नवल ते काय! ज्याने खिळे घासले त्याला अक्षर कळले. ज्या मुलीने कोयत्याची मूठ धरली आहे, तिला मूठ कशी असावी हे कोणत्याही ग्रंथाहून अधिक कळलेले असते. ते ज्ञान कागदावर उतरविण्याची रीत मात्र तिला कोणी तरी शेजारी बसवून शिकविली पाहिजे, आणि शिकण्याच्या काळात तिच्या पोटाची सोय केली पाहिजे. दोन रुपयांच्या त्या जागेने मराठी वाचकाला निर्णयसागरची अक्षरे दिली. तशा जागा आज किती कचेऱ्यांत मोकळ्या आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा.